दूरचे जवळ आणणारे जोडभिंग

वज्रेश्वरीच्या देवळाच्या बावन्न पायऱ्या चढून तुम्ही वर गेलात, देवीचे दर्शन झाले, की तटाशी येऊन एकदा खाली नजर टाका. चिमाजी अप्पांच्या नवसाची आणि १७३९ सालच्या वसईच्या विजयाची गोष्ट या देवळाशी जोडलेली आहे, ती तुम्हांला ठाऊक असेलच. आज आपल्याला देवळाबद्दल बोलायचे नाही. खाली तानसा नदी आहे, काठाला झाडी आहे, आणि एखाद्या वाळक्या फांदीवर खंड्या किंवा शिक्रा बसलेला असतो. डोळ्यांना तो दिसतो. सवयीच्या माणसाला त्याची मान कोठे वळली आहे हेही कळते. पण खिशातला फोन काढून फोटो घ्यावा, तर पक्ष्याच्या जागी उरतो एक ठिपका!

हा ठिपका मोठा कसा करावा, असा प्रश्न अलीकडे पुष्कळ शिक्षकांना पडतो. गावोगावी शाळांतून पक्ष्यांच्या नोंदी ठेवू लागले आहेत, कोणाकडे तरी कॅमेरा असतो, आणि त्याला लांब पल्ल्याचे झूम भिंग असते. झूम म्हणजे ज्याचे नाभीय अंतर कमीजास्त करता येते असे भिंग. त्यावर ७०-२००, १००-४०० असे आकडे लिहिलेले असतात, ते नाभीय अंतराचे मिलिमीटर होत. आकडा जितका मोठा, तितके दूरचे चित्र मोठे. पण चारशेच्या पुढचे भिंग घ्यायचे तर वजनही वाढते आणि किंमत तर विचारूच नये. तेव्हा दुकानदार सांगतो, “गुरुजी, टेलिकन्व्हर्टर घ्या. चारशेचे आठशे होईल.” हा टेलिकन्व्हर्टर म्हणजे मूठभर आकाराची एक नळी. ती कॅमेरा आणि भिंग यांच्या मध्ये बसते. आपण तिला जोडभिंग म्हणू. एकट्याने ती काही करत नाही, मूळ भिंगाने तयार केलेले चित्र तेवढे फुगवून दाखवते.

चारशेचे आठशे होते, हे खरे. पण दुकानदार अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी आज पाहू.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एक प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. वर्गाची दारे-खिडक्या लावा, एकच खिडकी उघडी ठेवा. वाचायचे मोठे बहिर्गोल भिंग घेऊन खिडकीसमोरच्या भिंतीपाशी उभे राहा आणि पांढऱ्या कागदावर बाहेरच्या झाडाची प्रतिमा पाडा. झाड उलटे दिसेल, पण स्पष्ट दिसेल. आता ज्याला लांबचे नीट दिसत नाही अशा एखाद्याचा चष्मा मागून घ्या. उणे चार नंबरचा मिळाला तर उत्तमच. त्याची काच अंतर्गोल असते. ती भिंग आणि कागद यांच्या मध्ये, कागदापासून दहा सेंटीमीटर अलीकडे धरा. प्रतिमा पुसट होईल. मुले ओरडतील, “गेले!” आता कागद हळूहळू मागे न्या. काचेपासून साधारण साडेसोळा सेंटीमीटरवर झाड पुन्हा स्पष्ट होईल, आणि ते दीडपटीहून थोडे अधिक मोठे झालेले असेल. झाले तुमचे जोडभिंग! अंतर्गोल काचेने किरणांचे एकत्र येणे लांबवले, म्हणून चित्र मागे सरकले आणि वाढले. बाजारातल्या जोडभिंगात एका काचेऐवजी अनेक काचा असतात, पण तत्त्व हेच.

ही युक्ती काही कॅमेऱ्याबरोबर जन्मली नाही. पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दुर्बिणीसाठी असे अंतर्गोल भिंग वापरले होते. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात दुर्बिणीवाले ‘बार्लो लाव’ म्हणतात, ते हेच.

आता मुलांना आणखी एक गोष्ट विचारा. झाड मोठे झाले, पण उजळ झाले की अंधुक? नीट पाहिलेल्या मुलाच्या ध्यानात येईल की ते अंधुक झाले. यात नवल नाही. एका भाकरीपुरते तूप होते, ते आता दोन भाकऱ्यांना लावायचे आहे. तूप तेवढेच, भाकरी वाढली. बाजारात मुख्यतः दोन प्रकारची जोडभिंगे मिळतात, १.४ पट आणि २ पट. १.४ पटीत चित्राची लांबी १.४ पट आणि रुंदीही १.४ पट, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते. प्रत्येक जागी निम्मा उजेड पडतो. फोटोग्राफर याला एक स्टॉप गेला म्हणतात. २ पटीत क्षेत्रफळ चौपट आणि उजेड पाव, म्हणजे दोन स्टॉप गेले. भिंगावर एफ २.८ असा आकडा असेल तर १.४ पटीने तो एफ ४ होतो आणि २ पटीने एफ ५.६. हा आकडा वाढला म्हणजे उजेड घटला, हे लक्षात असू द्या. मुले येथे हमखास उलटे समजतात, आणि मोठी माणसेही.

बरे, भरणा एकदाच करून भागत नाही. हाताची थरथरही चित्राबरोबर मोठी होते. हातात कॅमेरा धरून फोटो घ्यायचा तर जितके मिलिमीटर नाभीय अंतर, निदान तितक्याव्या भागाइतक्या सेकंदात शटर मिटले पाहिजे, असा एक जुना ठोकताळा आहे. चारशेला सेकंदाचा चारशेवा भाग. १.४ पटीचे जोडभिंग लावले की चारशेचे ५६० झाले, म्हणजे सेकंदाचा ५६० वा भाग हवा. एकीकडे उजेड निम्मा झाला आणि दुसरीकडे शटर अधिक घाईने मिटायचे. आधी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ८०० ठेवून काम भागत असेल, तर आता ती २२०० च्या घरात न्यावी लागते. ती वाढली की चित्रात वाळू पसरल्यासारखे कण दिसू लागतात. भिंगात थरथर आवरण्याची सोय असेल तर तिचा उपयोग होतो, पण तो तुमच्या हाताला. फांदीवर शेपूट हलवणाऱ्या पक्ष्याला ती आवरत नाही.

म्हणून जोडभिंग लावले की आधार घ्या. तिपाई असेल तर ठीकच. नसेल तर जाड कापडाच्या पिशवीत दोन-तीन किलो तूर किंवा मूग भरा, तोंड शिवून टाका, आणि ती पिशवी बांधावर, कठड्यावर किंवा दगडावर ठेवून तिच्यात भिंग रुतवा. तिपाईला पैसे पडतात, हिला पडत नाहीत, आणि सामान लहान असताना माझ्या मते हीच अधिक चांगली.

आता झूम भिंगाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. झूम भिंगात अनेक काचा मागेपुढे सरकतात. सगळ्या नाभीय अंतरांना सारखी चोख राहील अशी रचना करणे फार अवघड असते, आणि पुष्कळ साध्या झूम भिंगांचे चित्र शेवटच्या टोकाला, म्हणजे सर्वांत लांब पल्ल्यावरच, थोडे मऊ पडते. आणि जोडभिंग तर आपण नेमके त्याच टोकाला वापरतो! जोडभिंगाला चांगले-वाईट कळत नाही. ते पक्ष्याचे पीस मोठे करते, तसाच भिंगाचा दोषही मोठा करते. त्यामुळे ७०-२०० एफ २.८ यांसारख्या चोख भिंगावर १.४ पट छान चालते, आणि २ पटही छिद्र एक पायरी लहान करून चालवून घेता येते. १००-४०० एफ ४.५-५.६ वर १.४ पट लावले तर १४०-५६० एफ ६.३-८ होते. भर उन्हात हे चालेल. तेथे २ पट लावले तर शेवटच्या टोकाला एफ ११ होईल, आणि पहाटेच्या झाडीत त्याचा उपयोग शून्य. कॅमेऱ्याबरोबर फुकटात मिळणाऱ्या साध्या झूमवर जोडभिंग घेण्यात पैसे घालवू नयेत, असे मी स्वच्छ सांगतो. त्यापेक्षा मूळ चित्र चोख घ्यावे आणि नंतर कडेने कापून मोठे करावे.

कापून मोठे करण्याचाही हिशेब आहे. २४० लाख पिक्सेलचे, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे चित्र १.४ पट मोठे दिसेल इतके कापले तर १२ मेगापिक्सेल उरतात, २ पटीइतके कापले तर ६. शाळेच्या भिंतीवर लावायच्या तक्त्याला ६ सुद्धा पुरतात. तेव्हा जोडभिंग कधी घ्यावे? जेव्हा त्या कापलेल्या तुकड्यात दिसणार नाही असा बारकावा खरोखर पाहिजे असतो, तेव्हा.

असा बारकावा कोठे लागतो याचे उदाहरण आपल्याच तानसेच्या वरच्या अंगाला आहे. वज्रेश्वरीवरून वाहणारी ही नदी ज्या तलावातून येते, तेथले धरण मुंबईच्या पाण्यासाठी १८९२ साली पुरे झाले. त्या तलावाभोवती तानसा अभयारण्य आहे. तेथे २०१४ साली रानपिंगळा दिसला. रानपिंगळा म्हणजे आपल्या नेहमीच्या पिंगळ्याचा भाऊबंद, पण त्याची कथा मोठी विलक्षण. १८७३ साली ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. १८८४ साली धुळे-नंदुरबारकडच्या शहादे भागात त्याचा एक नमुना मिळाला, आणि त्यानंतर तो जणू नाहीसाच झाला. मधे १९१४ सालचा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता. मायनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तो आपण गुजरातेत मिळवला असे लिहून ठेवले होते. पुढे पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी बारकाईने तपासले, तेव्हा निघाले काय, तर तो जुनाच नमुना संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली! त्या खोट्या चिठ्ठीमुळे लोक पक्षी भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर रासमुसेन आणि त्यांचे साथी शहाद्याजवळच्या रानात गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनंतर, रानपिंगळा त्यांना दिवसाउजेडी झाडावर बसलेला दिसला.

आता समजा, तुमच्या वर्गातला एखादा आदिवासी पाड्यावरचा मुलगा आला आणि म्हणाला, “गुरुजी, तुमच्या तक्त्यावरचा तो पिंगळा मी पाहिला, पण याच्या डोक्यावर ठिपके नाहीत.” मुलगा खोटे बोलत नाही. रानात फिरणाऱ्या मुलाची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा तयार असते. पण त्याचे ऐकून नोंद कोण करील? साधा पिंगळा तर प्रत्येक गावात आहे. दोघांचे डोळे पिवळे, दोघे वीतभर उंच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, छातीवर गडद तपकिरी रंग, पोटाचा खालचा भाग पांढरा, पंख आणि शेपटी यांवर ठळक रुंद पट्टे. एवढे चित्रात दिसले तर मुलाचा शब्द टिकतो.

येथे आपला हिशेब कामाला येतो. पिंगळा २३ सेंटीमीटरचा, अंतर ४० मीटर, भिंग चारशेचे. कॅमेऱ्यातल्या पडद्यावर त्याची प्रतिमा पडेल २.३ मिलिमीटरची. सर्वसाधारण २४ मेगापिक्सेलच्या लहान पडद्यावर, म्हणजे २४ मिलिमीटर रुंदीच्या, एका मिलिमीटरात सुमारे २५० पिक्सेल बसतात. तेव्हा सबंध पक्षी ५७५ पिक्सेल उंच होईल, आणि कपाळावरचा दोन मिलिमीटरचा ठिपका पाच पिक्सेलचा. १.४ पट लावले की तोच ठिपका सात पिक्सेलचा, २ पट लावले की दहाचा. पाच पिक्सेलचा ठिपका थोड्या थरथरीने, थोड्या कणांनी पुसला जातो. मग ठिपके नाहीत म्हणून दिसत नाहीत, की होते पण पुसले गेले, हे कोणालाच सांगता येणार नाही. सात-दहा पिक्सेलचा ठिपका मात्र सहसा टिकतो. ही गणिते सातवी-आठवीची मुले प्रमाण मांडून सहज करतात.

पण एवढे करूनही चित्र फसते, आणि दोष भिंगाचा नसतो, हवेचा असतो. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर थंडीच्या पहाटे वाफ तरंगते, ती तुम्ही पाहिली असेल. वाफेपलीकडचा माणूस कसा लचकताना दिसतो! तसेच दहा-अकराच्या उन्हात डांबरी रस्त्यावर, कापणी झालेल्या खाचरावर, नदीतल्या तापलेल्या काळ्या खडकांवर घडत असते. वाफ दिसत नाही, पण गरम हवेचे लोळ वर चढत असतात आणि किरण त्यांतून वाकत येतात. जोडभिंग हे वाकणेही मोठे करते. दुपारी शंभर मीटरवरच्या पक्ष्याचे चित्र घेऊन भिंगाला बोल लावणारे पुष्कळ भेटतात. भिंग बदलू नका, वेळ बदला. सकाळी ऊन नुकते पडले असताना, जमीन तापायच्या आत काम करा. शक्य तर तुम्ही आणि पक्षी यांच्या मध्ये तापलेला दगड-माती कमी आणि हिरवळ किंवा पाणी जास्त येईल अशी जागा धरा. उत्तम उपाय अंतर कमी करण्याचा, पण तो करताना पक्षी उडता कामा नये.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. जोडभिंगाचे खरे मोल येथे आहे. घरट्याशी माणूस गेला की पिलांचे आईबाप दूर बसून राहतात, अंडी गार पडतात, आणि माणसाच्या मागे कावळा किंवा साप माग काढीत येतो. चाळीस मीटरवरून काम होत असेल तर वीस मीटरवर जायचे कारण उरत नाही. घरट्यासमोरच्या फांद्या तोडणे, मोबाईलवर आवाज वाजवून घुबडाला बोलावणे, हे प्रकार तर मुळीच करू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे पक्षी संरक्षित आहेत, आणि अभयारण्यात जायचे तर वनखात्याची परवानगी लागते. विद्यार्थ्यांना हे पहिल्या दिवशीच सांगा, कॅमेरा हातात देण्याच्या आधी.

जोडभिंग लावण्यात काही खुब्या आहेत, त्या थोडक्यात सांगतो. पहिली म्हणजे जोर करू नये. पुष्कळ जोडभिंगांची पुढची काच बाहेर आलेली असते, आणि प्रत्येक झूमच्या मागे तिला शिरायला जागा असतेच असे नाही. काच काचेला लागली की संपले. कंपनीने दिलेल्या यादीत आपले भिंग आहे का ते आधी पाहावे. काही भिंगांचे तर आणखीच वेगळे. कॅननचे आरएफ १००-५०० हे झूम घ्या. ते निदान ३०० वर नेल्याशिवाय त्याला जोडभिंग बसत नाही, आणि बसल्यावर ३०० च्या आत परतही येत नाही. म्हणजे पक्षी अचानक जवळ आला तर मोठी पंचाईत. दुसरी गोष्ट फोकसची. आरशाचे जुने डिजिटल कॅमेरे साधारण एफ ५.६ पर्यंत आपोआप फोकस करतात. काही चांगले कॅमेरे एफ ८ पर्यंत, तेही मधल्याच ठिपक्यावर. त्यापुढे भिंग मागेपुढे कुरकुरत राहते. बिनआरशाचे नवे कॅमेरे एफ ११ लाही फोकस करतात, परंतु अंधारात तेही मंदावतात. अशा वेळी मागच्या पडद्यावर चित्र मोठे करून हाताने फोकस करावा. बसलेल्या घुबडाला तेवढी सवड असते.

एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. जोडभिंग लावले तरी भिंग जितक्या जवळचा फोकस करीत होते, तितक्याच जवळचा करते. म्हणजे दीड मीटरवरचे फुलपाखरू दीड मीटरवरूनच, पण १.४ किंवा २ पट मोठे मिळते. पावसाळ्यानंतर तानसेच्या काठी चतुर आणि फुलपाखरे भरपूर असतात. मुलांना सुरुवात पक्ष्यांपासून न करता यांच्यापासून करू द्यावी.

आणि चंद्र! उजेडाची तंगी जेथे मुळीच नाही असा एक विषय रात्रीचाच आहे, कारण चंद्रावर ऊन पडलेले असते. नाभीय अंतराला ११० ने भागा, की पडद्यावर चंद्र किती मिलिमीटरचा पडेल ते निघते. दोनशेला १.८, चारशेला ३.६. एफ ८, आयएसओ २००, सेकंदाचा २५० वा भाग, एवढ्याने आरंभ करावा. कोजागरीला सगळे चंद्राचा फोटो घेतात, पण पौर्णिमेला चंद्रावर सावल्या नसतात, म्हणून खड्डे दिसत नाहीत. अष्टमीच्या आसपास घ्या, उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्डे कसे उठून दिसतात ते पाहा. उलट चैत्र अमावास्येच्या जत्रेत रात्री माणसांचे फोटो घ्यायचे असतील तर जोडभिंग घरीच ठेवून या. तेथे उजेड हवा आणि दोन पावले पुढे जाण्याची तयारी हवी.

कोकणपट्टीच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते. भिंग आणि जोडभिंग घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावीत. जोडताना-काढताना कॅमेरा बंद करून त्याचे तोंड खाली धरावे, म्हणजे धूळ आत पडत नाही.

राहता राहिली चिठ्ठी. चित्र घेतलेत, की त्याच दिवशी वहीत लिहा: तारीख, वेळ, गाव आणि पाडा, झाड कोणते, अंतर किती, भिंग कोणते, जोडभिंग होते की नव्हते, चित्र कापले असल्यास किती कापले. मूळ चित्र पुसू नका, उजळ केलेली प्रत वेगळी ठेवा. आणि पक्षी प्रथम ज्या मुलाने पाहिला त्याचे नाव पहिल्या ओळीत घाला.